पानगळीतली सकाळ आणि जॅझची रेकॉर्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीच्या मध्यभागी राहते. सप्टेंबर संपत आला की आमच्याकडे रोज सकाळी जॅझची रेकॉर्ड लागते. हे मंडळात आणि मुलीच्या मराठी शाळेत बऱ्याच जणांना कळलं आहे, त्यामुळे दर वर्षी याच दिवसांत तेच प्रश्न येतात. काही पुण्याहून फोनवर येतात, काही शाळेच्या पार्किंगमध्ये उभ्याउभ्या. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

तुम्ही सकाळी नेमकं काय करता?

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य साधारण सव्वासातनंतर उगवतो. मी पावणेसातला खाली येते. चहा टाकते, टर्नटेबलचं झाकण उघडते, एक रेकॉर्ड काढते आणि तिची एकच बाजू ऐकते. एलपीची एक बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटं. सुई ठेवते तेव्हा खिडकीबाहेर अंधार असतो, उचलते तेव्हा समोरच्या मेपलचा रंग दिसू लागलेला असतो. त्या वीस मिनिटांत फोन नाही, डबे भरणं नाही, भांडी लावणं नाही. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी.

एका बाजूचा हा नियम मी फार मानते. संगीत किती ऐकलं यापेक्षा पूर्ण ऐकलं का, हे मला महत्त्वाचं वाटतं. वीस मिनिटं कुणालाही काढता येतात. चाळीस मिनिटं काढायची म्हटली की तिसऱ्या दिवशी सगळं बंद पडतं.

जॅझ तर रात्रीचं संगीत ना? क्लब, धूर, मंद दिवे?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो, कारण याचं उत्तर माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

न्यू जर्सीत हॅकेनसॅक नावाचं गाव आहे. तिथे रूडी व्हॅन गेल्डर नावाचा एक तरुण आईवडिलांसोबत राहायचा. पेशाने तो ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारा. ध्वनिमुद्रणाचं त्याला विलक्षण वेड. १९४०च्या दशकात आईवडिलांनी घर बांधलं तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीला लागून त्याच्यासाठी एक नियंत्रणकक्ष करून दिला आणि मध्ये काचेची खिडकी बसवली. पुढे ब्लू नोट आणि प्रेस्टिज या कंपन्यांच्या कितीतरी रेकॉर्ड त्या घराच्या बैठकीच्या खोलीत मुद्रित झाल्या. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सची 'सॅक्सोफोन कलॉसस' १९५६च्या जूनमध्ये तिथलीच. सॅक्सोफोनच वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' १५ सप्टेंबर १९५७ची. कॅननबॉल ॲडर्लीची 'समथिंग एल्स' ९ मार्च १९५८ची. या शेवटच्या दोन्ही तारखांना रविवार होता. पियानोवादक थेलोनिअस मंकने तर आपल्या एका रचनेला 'हॅकेनसॅक' असं गावाचंच नाव दिलं.

जगाने डोक्यावर घेतलेलं हे संगीत कुणाच्या तरी आईच्या बैठकीत वाजलं आहे. ड्रम, डबल बास (माणसाएवढं, खर्जाच्या स्वरांचं तंतुवाद्य, पुढे नुसतं 'बास'), पियानो आणि पुढे उभे असलेले दोन-तीन वादक, सगळे एका घरगुती छताखाली. आपल्याकडे कुणाच्या दिवाणखान्यात बैठक रंगावी तसंच. म्हणून या रेकॉर्ड घरात लावल्या की उपऱ्या वाटत नाहीत. तो आवाज मुळात एवढ्याच खोलीच्या मापाचा आहे.

१९५९मध्ये व्हॅन गेल्डरने दवाखाना सोडला आणि जवळच एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतंत्र स्टुडिओ बांधला. तिथल्या रेकॉर्डमध्ये आवाजाभोवती जास्त हवा आहे. हॅकेनसॅकच्या रेकॉर्डमध्ये वादक जवळ बसलेले वाटतात. काही महिने ऐकत राहिलात की हा फरक तुम्हालाही कळू लागेल.

सुरुवात कुठल्या रेकॉर्डने करावी?

'समथिंग एल्स'च्या पहिल्या बाजूने. तिच्यावरचं पहिलंच गाणं 'ऑटम लीव्ह्ज', म्हणजे पानगळीचंच. मूळ चाल जोझेफ कोस्मा या संगीतकाराची, मूळ शब्द फ्रेंच कवी झाक प्रेव्हेरचे. इथे शब्द नाहीत. कॅननबॉलचा आल्टो सॅक्सोफोन, माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट, हँक जोन्सचा पियानो, सॅम जोन्सचा बास, आर्ट ब्लेकीचे ड्रम. गाणं जवळजवळ अकरा मिनिटं चालतं. माइल्सने ट्रम्पेटच्या तोंडाशी धातूचा म्यूट लावला आहे, त्यामुळे आवाज बारीक आणि कानाजवळ येतो. तो चाल जेमतेम सांगतो, मध्ये जागा सोडतो. मग कॅननबॉल येतो आणि त्याच जागा भरभरून वापरतो. एक मितभाषी आणि एक दिलखुलास असे दोन मित्र एकच गोष्ट सांगत आहेत असं समजून ऐका.

दुसरी, पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. बिल एव्हान्स आमच्या प्लेनफील्डचा, जन्म १९२९चा. ही रेकॉर्ड २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात प्रेक्षकांसमोर मुद्रित झाली. त्या दिवशी रविवार होता आणि दुपारचेही खेळ झाले होते. मागे ग्लासांची किणकिण, लोकांचं हलकं बोलणं ऐकू येतं. बास वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. हे माहीत झाल्यापासून मी ही रेकॉर्ड घाईत कधीच लावलेली नाही.

तिसरी, गाणं लागणाऱ्यांसाठी: जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांची १९६३ची एलपी. सहाच गाणी, दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. त्यात 'ऑटम सेरेनेड' आहे. हार्टमनचा आवाज खर्जातला आणि इतका निवांत की पहिल्या ओळीलाच खांदे सैल होतात.

कोल्ट्रेनचीच 'अ लव्ह सुप्रीम' (९ डिसेंबर १९६४, एंगलवुड क्लिफ्स) मात्र सुरुवातीला घेऊ नका. ती प्रार्थना आहे आणि मोठी आहे. शाळेची बस येण्याआधीच्या वीस मिनिटांत तिला बसवणं मला बरोबर वाटत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तो वाढीव तास मी दर वर्षी तिच्यासाठी ठेवते. एका बाजूचा नियम मी तेवढ्या एकाच दिवशी मोडते.

आम्ही रागदारी ऐकणारे. जॅझमध्ये नेमकं काय धरून ऐकायचं?

आवर्तन धरा. बहुतेक गाण्यांत आधी चाल वाजते, मग त्याच चालीच्या सांगाड्यावर एकेक वादक उपज करतो, शेवटी चाल पुन्हा येते. हा सांगाडा बऱ्याचदा बत्तीस मात्राखंडांचा असतो, प्रत्येक खंडात चार मात्रा. आठ-आठचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा. 'ऑटम लीव्ह्ज' बत्तीसचंच आहे, त्याच्या भागांची ठेवण थोडी निराळी. वादक कितीही दूर गेला तरी आतला हिशेब चालू असतो, आपल्या तबलजीचा ठेका चालू असतो तसा. फरक इतकाच की ठेका बहुतेक वेळ बास सांभाळतो. म्हणून पहिल्या काही सकाळी फक्त बास ऐका. एकेक पाऊल टाकत चालणारा माणूस ऐकू आला की बाकी सगळं त्याच्याभोवती जागेवर बसतं.

समेची वाट बघू नका. आपण समेवर दाद देतो, जॅझचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. टाळी द्यायची तर तिथे द्या. हात ऐकेपर्यंत आठवडा जातो.

स्वरांच्या बाबतीत आपल्याला सर्वात सोपी पडते माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. तिचं पहिलं गाणं 'सो व्हॉट' ज्या स्वरसमूहावर उभं आहे त्याला तिकडे डोरियन म्हणतात. आपल्या भाषेत कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध: काफी थाटाचे स्वर. काफी राग नव्हे, हे आवर्जून सांगते. चलन, पकड, वादी-संवादी यातलं तिथे काही नाही. पहिले सोळा खंड षड्ज एका जागी, पुढचे आठ खंड सगळाच्या सगळा स्वरसमूह अर्ध्या स्वराने वर, शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. आपल्याकडे मैफल चालू असताना तानपुऱ्याचा षड्ज असा कुणी हलवत नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकताना पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटते. चौथ्यांदा ऐकताना तीच जागा सर्वात लाडकी होते.

पट्टीला कान तयार असलेल्यांना एक गंमत सांगते. २ मार्च १९५९ला जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत या रेकॉर्डची पहिली बाजू मुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की स्वर थोडे चढे येतात. कित्येक वर्षं जगाने ती बाजू तशीच चढी ऐकली. १९९०च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरच्या टेपा वापरून ते सुधारलं गेलं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती पहिल्यापासून नीट होती.

आणखी एक विचारलं जातं: सकाळच्या रागांसारखं सकाळचं जॅझ असतं का? नाही, प्रहरांचं शास्त्र तिथे नाही. वेळ आपण ठरवायची. मी ठरवली आहे.

घरातले झोपलेले असतात. आवाज किती ठेवायचा?

कमी. पण कमी आवाजात एक अडचण येते आणि ती समजून घेतली तर निम्मं काम होतं. आवाज लहान केला की आपला कान सगळे स्वर सारखे लहान करत नाही. खालचे, खर्जाचे स्वर तो आधी हरवतो. बेल लॅब्जमधल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. जॅझमध्ये हरवतो तो नेमका बास, आणि बास गेला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्याशिवाय अडकल्यासारखे होतात.

उपाय तीन. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं, ते याचसाठी आहे, दाबा. नसेल तर 'बास' लिहिलेल्या बटणाचा कान थोडा पिळा. तिसरा उपाय मला सर्वात भावतो: आवाज वाढवण्याऐवजी खुर्ची पुढे सरकवा. स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की त्यातून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि वर झोपलेल्या मुलीला त्याचा पत्ताही लागत नाही. मी स्पीकरपासून चार फुटांवर बसते, माझ्या आजीच्या पाटाइतक्या उंचीच्या बैठ्या स्टुलावर.

हेडफोन? रात्री ठीक. सकाळी मला खोलीतली हवा हललेली हवी असते.

सामान काय लागतं?

टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. प्रीॲम्प लोक विसरतात. सुईतून येणारा विद्युतसंकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना, म्हणजे सुई फिरते ती चर कोरताना, खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात, नाहीतर चर इतकी रुंद होईल की बाजूवर वीस मिनिटं मावणारच नाहीत. ते उलटं करून मूळ तोल परत आणण्याचं काम प्रीॲम्पचं. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांत तो आतच असतो, घेण्याआधी विचारून घ्या.

सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांत सुईचा भार बहुतेक वेळा जास्त असतो आणि तो बदलता येत नाही. चांगल्या साध्या कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या डबीला) दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो.

सुई झिजते. उत्पादकांनी दिलेलं आयुष्य सुईच्या घडणीप्रमाणे तीनशे तासांपासून हजार तासांपर्यंत असतं. पानगळीचे दोन महिने रोज वीस मिनिटं म्हणजे वीसच तास होतात, तेव्हा काळजी नको. पण वापरलेलं टर्नटेबल घेतलंत तर सुई आधी बदला, मागच्या मालकाने कितीही खात्री दिली तरी. मी बदलली नव्हती. त्या सुईने माझी एक आवडती रेकॉर्ड दोन महिन्यांत खरखरीत केली. ती अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

आमच्याकडे चाललं की सुई उडी मारते.

अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची. जमीन पावलागणिक थरथरते. टेबलाखाली रबर लावून फारसा फरक पडत नाही. भिंतीतल्या लाकडी खांबांना पक्की फळी ठोका आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवा. आमचा प्रश्न एका शनिवारात सुटला. भारतातल्या काँक्रीटच्या घरात ही अडचण सहसा येत नाही.

हीटर सुरू झाल्यापासून रेकॉर्ड कडकडते. खराब झाली का?

बहुधा नाही. थंडी पडली की हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत विनाइलवर स्थिर विद्युत साचते. ती धूळ ओढते आणि अधूनमधून तटकन आवाज होतो. दाराच्या मुठीचा झटका बसू लागला की समजावं, रेकॉर्डनाही तोच त्रास सुरू झाला. खोलीत ह्युमिडिफायर लावा, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या वर राहू द्या. कागदाच्या आतल्या पिशव्या बदलून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या घ्या. रेकॉर्ड लावण्याआधी कार्बन तंतूंचा ब्रश दोन फेऱ्या हलका धरा.

तरी खरखर राहिली तर ती धुळीची. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, चरीच्या दिशेने गोल पुसणं. लेबल ओलं होऊ देऊ नका. आजोबांच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीच लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख विरघळते. (ती लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जायची. जगभरच्या जुन्या जॅझच्या तबकड्यांत आपल्या जंगलांतल्या किड्यांचा वाटा आहे.) त्यांना सुईही वेगळी, जाड लागते.

जुन्या, पहिल्या छापाच्या रेकॉर्ड घ्याव्यात का?

ऐकायला म्हणून घेत असाल तर नको. ब्लू नोटच्या पहिल्या छापांच्या किमती शेकडो, कधी हजारो डॉलरवर जातात. मूळ टेपांवरून काळजीने कापलेले नवे छाप आज मिळतात आणि ते सुरेख वाजतात.

पण कुणाच्या गॅरेज सेलमध्ये खोकं दिसलं तर खाली वाकून बघायला काय हरकत आहे! तबकडी तिरकी धरून लेबलाच्या कडेची गुळगुळीत पट्टी बघा. 'आरव्हीजी' ही इंग्रजी आद्याक्षरं कोरलेली किंवा ठसवलेली दिसली तर तिची चर व्हॅन गेल्डरच्या हातची. शेजारी कानासारखी एक छोटी वळणदार खूण दिसली तर ती तबकडी प्लास्टिलाइट कारखान्यात दाबलेली. १९६६पर्यंत ब्लू नोटच्या रेकॉर्ड तिथे व्हायच्या, आणि तो कारखानाही न्यू जर्सीतच, नॉर्थ प्लेनफील्डला होता. वाजवलं हॅकेनसॅकला, दाबलं नॉर्थ प्लेनफील्डला, ऐकतोय आपण त्याच राज्यात. मला अशी खूण एकदाच दिसली आहे, एका ओरखडे पडलेल्या तबकडीवर. घेऊन आले.

मोनो की स्टिरिओ?

१९५८च्या आधीच्या एलपी बहुतेक मोनोच आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज. स्टिरिओच्या सुईने चालतात. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर कमी होते.

स्ट्रीमिंगवर हेच सगळं आहे की.

आहे, आणि छान आहे. मीही गाडीत तेच ऐकते. नेवार्कहून चालणारं डब्ल्यूबीजीओ हे जॅझचं रेडिओ केंद्रही ८८.३ एफएमवर आहे, तेही लावा. रेकॉर्डचा आवाज श्रेष्ठच असतो असा माझा दावा नाही. पण रेकॉर्ड संपते. सुई मध्यावर येते, सुक-सुक असा आवाज करत राहते आणि उठून ती उचलावी लागते. पडद्यावर पुढचं गाणं आपोआप सुरू होतं आणि मग मी ऐकणं केव्हा थांबवलं ते माझं मलाच कळत नाही.

भारतातून आईबाबा आले आहेत. सकाळी त्यांना अभंग लागतात. कसं जमवायचं?

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मी रेकॉर्ड लावलीच नाही. बाबांचे अभंग सहाला सुरू व्हायचे, त्यात मला आनंदच होता. मग एका सकाळी बाबांनीच विचारलं, "तुझं ते यंत्र बंद पडलंय का?" त्या दिवसापासून आधी अभंग, मग एक बाजू.

'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावली होती. पहिलं गाणं अतिशय संथ आहे, आणि पॉल मोशन ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवतो. आई पोहे भिजवत होती. थांबून म्हणाली, "हे कोण तांदूळ पाखडतंय गं?" मी इतकी वर्षं तो आवाज ऐकत होते, त्याला इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. सुपातून तांदूळ वर जातात, पसरतात, खाली येतात. अगदी तेच. तेव्हापासून आमच्या घरात ब्रश वाजवणाऱ्या प्रत्येक ड्रमरला पाखडणारा म्हणतात, आदराने.

तेव्हा सांगणं इतकंच, की त्यांना समजावत बसू नका. लावा आणि शेजारी बसा. ज्यांनी आयुष्यभर भजनी मंडळात टाळ धरला आहे त्यांना लय शिकवावी लागत नाही.

मराठी माणसाचा जॅझशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १९३५मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले, आणि गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले हे लोक रात्री हॉटेलांत वाजवायचे आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. त्यातला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेव्हियर वाझ, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर होता. १९५१च्या 'अलबेला'तली गाणी पुन्हा ऐका, ब्रासचे ते तुकडे कुठून आले ते कळेल. आपल्या आयांनी लग्नाच्या वरातीत ज्यावर ठेका धरला त्यात हे संगीत आधीच होतं.

१९५८मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईला आला आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवलं. १९७८मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली. आणि 'सॅक्सोफोन कलॉसस'चा तो सॉनी रोलिन्स १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, योग आणि वेदान्त शिकायला. मला हा माणूस हॅकेनसॅकच्या बैठकीत आणि पवईच्या तळ्याजवळ, दोन्हीकडे दिसतो.

पुण्यात पानगळ कुठली? आम्ही कधी ऐकायचं?

तुमचा शरद ऋतू आमच्या पानगळीपेक्षा कमी नाही. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आधीची पहाट, कोजागरीनंतर हवेत येणारा पहिला गारवा. ज्या सकाळी पंखा पहिल्यांदा बंद करता, ती सकाळ धरा. पंख्याच्या घरघरीत बास बुडतो. पंखा थांबला की खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटते, तेव्हा लावा.

त्याआधी पावसाळ्यातली बुरशी बघा. कव्हरवर आणि कधी तबकडीवरही पांढरट ठिपके येतात. कव्हर सावलीत वाळवा, तबकड्या पुसून नव्या पिशव्यांत घाला, उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत ठेवल्या तर वाकतात. खिडकीतल्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवल्या तर दुपारपर्यंत पापड होतो.

पानं उडवायची यंत्रं सुरू झाली तर?

लीफ ब्लोअर हा या ऋतूचा खरा शत्रू. आमच्या वसाहतीत ते साधारण आठला येतात. सुई उचला. त्यांच्याशी आवाजाची चढाओढ करू नका, त्यात हार ठरलेली आहे. म्हणूनच पावणेसात.

भारतातल्या घरच्यांना फोनवर ऐकवता येतं का?

येतं, एक सेटिंग बदललं तर. ऑक्टोबरात इथे सकाळचे सात म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार, घड्याळं मागे गेली की साडेपाच. आईबाबांच्या चहाची वेळ. ते परत गेल्यावर पहिल्याच रविवारी मी व्हिडिओ कॉल लावून फोन स्पीकरजवळ ठेवला, तीच रेकॉर्ड. पियानो पोचत होता. पाच मिनिटांनी आई म्हणाली, "आज पाखडत नाही का तो?"

कॉलची ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. सतत चालणारी सळसळ त्यांना पंख्याचा किंवा रस्त्याचा गोंगाट वाटते आणि ती कापून टाकतात. ब्रश आणि झांजा सर्वात आधी जातात. झूममध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन संगीतासाठी असलेला 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय चालू करा, गोंगाट दाबण्याची सोय बंद करा. फोन स्पीकरच्या अगदी तोंडाशी न ठेवता तीन फुटांवर, घडी घातलेल्या पंचावर ठेवा. तिकडच्यांना माइक बंद करायला सांगा, नाहीतर त्यांच्याकडचा आवाज फिरून येतो. आईला माइक बंद करायला सांगायची मात्र माझी तयारी नाही. तिच्या कपबशीचा आवाज आला तर येऊ दे.